पांढरा शर्ट, राखाडी पँट

“बारीक निळ्या रेघा. नको.”

हे तो मोठ्यानं बोलला. आरशासमोर उभा राहून, शर्टाचं तिसरं बटण लावता लावता, आरशातल्या माणसाबद्दल. बोलून झालं आणि त्याची बोटं बटणावर तशीच राहिली. आवाज ओळखीचा होता. बावीस वर्षं याच आवाजात, याच कोरड्या घाईनं त्यानं असले शेरे दिले होते. पण तेव्हा टेबलापलीकडे कुणीतरी बसलेलं असायचं, किंवा नुकतंच उठून गेलेलं असायचं. आता पलीकडे कोण होतं? त्यानं मागं वळून पाहिलंसुद्धा. मागं पलंग होता आणि पलंगावर सहा शर्ट बाह्या पसरून उताणे पडले होते.

नऊ वाजून गेले होते. मुलाखत साडेअकराला. चौदा महिन्यांत आलेलं हे दुसरंच बोलावणं, आणि पहिल्याच्या वेळी तो आत गेल्या गेल्या “वय जरा जास्त वाटतंय” असं कुणीतरी कुणाच्या तरी कानात म्हणालं होतं, ते त्यानं ऐकलं होतं. बावन्नाव्या वर्षी तिसरं बोलावणं येत नाही. हे त्याला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. अशी बोलावणी पाठवायची की नाहीत हे ठरवण्यातच त्याची उमर गेली होती. कंपनी बंद पडली तेव्हा कामावरून कमी केल्याची शेवटची सही त्याच्या खात्यात झाली, त्याच्याच कागदावर. तेव्हापासून बायको सकाळी एका लॅबमध्ये आणि संध्याकाळी दुसऱ्या लॅबमध्ये लोकांचं रक्त काढत होती. मुलीनं पुढच्या शिक्षणाचा अर्जच भरला नव्हता. “मलाच एक वर्ष थांबायचंय,” असं ती म्हणाली होती, आणि ती खोटं बोलते आहे हे घरातल्या तिघांनाही माहीत होतं. आज नाही जमलं तर पुन्हा जमणार नाही. इतकं सरळ होतं सगळं. आणि अशा दिवशी हा गृहस्थ तासभर शर्ट बदलत उभा होता.

पण त्याला हसणाऱ्यानं आधी त्याचं जुनं ऑफिस बघायला हवं होतं. तिथले मोठे साहेब फार तत्त्वाचे. चिठ्ठ्याचपाट्या, कुणाचा भाचा, कुणाच्या गावचा, याचा त्यांना मनापासून तिटकारा. “नाव कळलं की माणूस कुणाचा कोण ते कळतं,” ते म्हणायचे, “आणि ते कळलं की संपलं, मग माणूस दिसतच नाही.” म्हणून त्यांनी पद्धतच पाडली की मुलाखतीला येणाऱ्यानं नाव सांगायचं नाही. फॉर्मवर नावाची जागा कोरी. मुलाखत घ्यायची, आवडला तर तिथल्या तिथं सांगायचं, आणि सोमवारी त्या माणसानं खाली काउंटरवर येऊन आपल्या हातानं आपलं नाव भरायचं. फार कौतुक झालं या पद्धतीचं. दुसऱ्या कंपन्यांतून माणसं शिकायला आली, शिकून गेली, आपापल्या ऑफिसात तिचे झेंडे लावून बसली. फक्त एक अडचण होती. दिवसाला चौदा-पंधरा माणसं यायची आणि नावाशिवाय कोण कुठला ते लक्षात राहीना. तेव्हा शेरे लिहायच्या चिठ्ठीच्या कोपऱ्यात उमेदवाराचे कपडे लिहायची युक्ती काढली ती यानं. चौकडी. हिरवा, कॉलर मोठी. कोट, उसना वाटतो. संध्याकाळी चहा पिता पिता साहेब विचारायचे, “मग काय, चौकडी घ्यायचा की मोरपंखी?” आणि हा चिठ्ठ्या चाळत सांगायचा. बावीस वर्षांत किती माणसं समोर बसून गेली असतील? त्यांतल्या एकाचाही चेहरा आज त्याला आठवत नव्हता. शर्ट मात्र सगळे आठवत होते. पिवळट शर्ट, खिशाशी शाईचा डाग, त्यावर हात धरून बसलेला. काळा शर्ट, वरची दोन बटणं उघडी, आत येताक्षणीच साहेबांनी मनातून काढून टाकलेला. ते सगळे शर्ट आत्ता या खोलीत आल्यासारखे झाले होते. तो जो शर्ट अंगात घाली, त्यात आधीच कुणीतरी असे. चौकडीचा घातला की छातीशी फाइल धरावीशी वाटे. फिकट गुलाबी घातला तर घसा कोरडा पडला आणि “पाणी मिळेल का?” असं विचारणारा एक जण होता तो आठवला, त्याला पाणी मिळालं होतं, नोकरी नाही. आणि हा निळ्या रेघांचा.

तो निळ्या रेघांवाला एक दिवस परत आला होता. मुलाखतीनंतर आठवड्यानं. तेव्हा त्याच्या अंगात दुसराच कुठला तरी शर्ट होता, हे अर्थात नंतर कळलं. काउंटरपाशी येऊन तो म्हणाला, “साहेब, मी बुधवारी येऊन गेलो. काय झालं माझं?” यानं त्याच्याकडे नीट पाहिलं आणि सांगितलं, “नाही हो. तुम्ही आला नव्हतात.” थापा नव्हत्या त्या. खरोखरच त्याला तसं वाटलं होतं. तो माणूस भांडला नाही. “मी त्या आतल्या खोलीत बसलो होतो,” एवढंच म्हणाला. “डाव्या हाताला खिडकी होती. तुम्हीच मला विचारलं, आधीची नोकरी का सोडलीत म्हणून.” यानं मान हलवली. मग तो आपल्याच हातांकडे बघू लागला, उलटेसुलटे करून, जणू तो खरंच आला होता की नाही याची त्यालाही आता खात्री वाटत नव्हती. जाताना त्यानं “सॉरी” म्हटलं. ते “सॉरी” एवढ्या वर्षांनी आज सकाळी आठवायचं काय कारण होतं? त्यानं निळ्या रेघांचा शर्ट अंगातून ओढून काढला. एक बटण तुटून पलंगाखाली गेलं. ते शोधायला तो वाकला नाही.

“अहो, झालं का नाही अजून?” बायको दारात उभी होती. आज तिनं सकाळच्या लॅबमध्ये दोन तास उशिरा येते म्हणून सांगून ठेवलं होतं. “एवढा वेळ मला लग्नाच्या दिवशी लागला नाही.”

“अगं, काय घालू तेच ठरेना.”

“पांढरा घाला. पांढऱ्यात काय वाईट आहे?”

“बाबा, खरंच पांढराच घाल,” मुलगी तिच्या मागून डोकावली. “बाकीच्यात तू कसा दिसतोस माहितीये? कुणीतरी मुद्दाम नटवून उभा केल्यासारखा.”

“तुला कुणी विचारलं गं?”

“बरं, नको विचारू. पण पांढराच घाल.”

पांढरा. खरं तर हे त्याला आधीच सुचायला हवं होतं. पांढऱ्या शर्टांची त्याची नेहमीच पंचाईत व्हायची. पांढरा शर्ट, राखाडी पँट, काळे बूट असा माणूस आला की चिठ्ठीच्या कोपऱ्यात लिहायला काही सापडायचं नाही. मग नाइलाजानं तो काय बोलला ते लिहावं लागायचं. आणि गंमत म्हणजे अशी माणसं निवडली जायची. त्यांच्यात खोट काढायला कपड्यांची मदत नसे. त्यानं कपाटातून पांढरा शर्ट काढला. दोनदाच घातलेला, बायकोनं रात्री इस्त्री करून ठेवलेला. राखाडी पँट कमरेत सैल झाली होती, पट्टा एक भोक आत घ्यावा लागला. बायको पुढं झाली आणि तिनं त्याच्या बाहीचं बटण लावलं. लावताना तिचा अंगठा सवयीनं कोपराच्या आतल्या बाजूला जाऊन टेकला, शीर चाचपल्यासारखा.

“घाबरू नका,” ती म्हणाली. “दुखणार नाही.” मग तिचं तिलाच हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणीही आलं. तिनं तोंड फिरवलं. त्याला एकदम तिची फार माया आली. सकाळ-संध्याकाळ परक्या माणसांना हेच वाक्य सांगत असेल ही, आणि हिला सांगायला कुणी नाही.

“होईल गं,” तो म्हणाला. “आज होईल.”

ती गेल्यावर तो शेवटचं म्हणून आरशात बघायला गेला. कॉलर नीट बसली होती. खांद्यावरची शिवण बरोबर खांद्यावर होती. बटणं सरळ रेषेत. मग त्याच्या लक्षात आलं, की आपण कॉलरच्या वर बघतच नाही आहोत. त्यानं बघायचा प्रयत्न केला. नजर वर जायची आणि पुन्हा घरंगळून कॉलरवर यायची. डोळे, नाक, ओठ, एकेक करून सगळं होतं जागच्या जागी, पण एकत्र काही जमेना. त्यानं डोळे मिटले आणि स्वतःला आठवून पाहिलं. पांढरा शर्ट लख्ख दिसला, वरचं बटणसुद्धा दिसलं. त्याच्या वर फॉर्मवरच्या त्या जागेसारखं कोरं काहीतरी होतं. त्यानं घाईघाईनं डोळे उघडले. खोलीत कुणीही नव्हतं, आणि तरी कुणीतरी आपल्याबद्दल काहीतरी लिहून घेतंय असं त्याला वाटत राहिलं. बाहेर पडेपर्यंत वाटत राहिलं.

बसमध्ये तो उभाच राहिला, पँटची इस्त्री मोडू नये म्हणून. समोर हिरवा टी-शर्ट बसला होता. त्याच्या शेजारी जांभळा स्वेटर. दारापाशी खाकी. आता माणसानं बावीस वर्षं एकच काम केलं की ते अंगात मुरतंच, त्यात काय एवढं, असं त्यानं स्वतःला समजावलं. मनात उत्तरांची उजळणी चालू होती. आधीची नोकरी का सोडलीत? सोडली नाही, कंपनी बंद पडली. मधले चौदा महिने काय केलंत? हा प्रश्न अवघड होता. काय केलं होतं? दुपारी घरात एकटा असताना तो पुष्कळदा जेवणाच्या टेबलाशी बसून समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत असे. ते काही सांगण्यासारखं नव्हतं. “वाचन केलं,” असं सांगायचं त्यानं ठरवलं.

इमारत नवी होती. खालचं दार पूर्ण काचेचं. तो पायऱ्या चढून दाराशी गेला तेव्हा काचेत त्याला तो स्वतः येताना दिसला. पांढरा शर्ट, राखाडी पँट, काळे बूट, हातात फाइल, पट्टा एक भोक आत. चालणंही तेच, जरा पुढं झुकलेलं. बरं दिसतंय की, असं त्याच्या मनात आलं. आणि तेवढ्यात त्या प्रतिबिंबानं दार उघडून धरलं आणि म्हटलं, “या, या. तुम्हीसुद्धा मुलाखतीलाच ना?”

तो एक पायरी मागं सरला. तो माणूस दाराच्या आत उभा होता, इतकंच. खराखुरा, घाम आलेला, अदबीनं दार धरून उभा असलेला माणूस. “पाणी प्यायला खाली आलो होतो,” तो सांगत होता. “वर कूलर आहे, पण ग्लासच नाही. मोठी ऑफिसं, मोठा कारभार.” दोघं जिन्यानं वर गेले. लिफ्टसाठी रांग होती आणि दोघांनाही घाम यायला नको होता, तरी दोघंही जिन्यानंच गेले. बाकावर शेजारी शेजारी बसले तेव्हा बाकीच्यांनी एकदा या दोघांकडे पाहिलं आणि एक मुलगी ओठ दाबून हसली.

“जुळे दिसतोय आपण,” तो माणूस म्हणाला. त्याला त्याची गंमत वाटत होती. “मी म्हटलं पांढरा बरा. कुणाच्या डोळ्यावर येत नाही. बायको असती तर दुसरं काहीतरी घालायला लावलं असतं तिनं. पण ती गेली आता, तीन वर्षं झाली. घरात मी आणि आई. आईला दिसत नाही फारसं. ती शर्ट हातानं चाचपून म्हणाली, कापड चांगलं आहे, जा.” तो हसला. “तुमचं कसं? किती दिवस झाले घरी?”

“चौदा महिने.”

“मला दोन वर्षं. उमेदवार निवडायच्याच कामात होतो मी. आता कोण घेतो हो आपल्याला? पण आज का कोण जाणे, मला बरं वाटतंय. तुमचंही होईल, बघा.” आणि त्यानं खरोखर मनापासून याच्या गुडघ्यावर थोपटलं. त्या स्पर्शानं याला शहारा आला. आपलाच हात आपल्याच गुडघ्यावर पडावा तसं त्या हाताला वजनच नव्हतं.

शिपाई येऊन मोठ्या आवाजात सांगून गेला, “आत नाव सांगायचं नाही बरं का कुणी. फॉर्म टेबलावर ठेवायचा, नावाची जागा कोरी. आमच्याकडे तशी पद्धत आहे.” जणू ती त्याच्याच आजोबांनी शोधून काढली होती. याला वाटलं, सांगावं, बाबा रे, ही पद्धत ज्या टेबलावर सुरू झाली त्या टेबलाशी मी बसत होतो. पण कुणाला सांगणार, आणि त्याचा उपयोग काय? माणसं एकेक करून आत जात होती. दार उघडलं की आतून थंड हवेचा झोत यायचा आणि “बसा” असा एकच शब्द ऐकू यायचा. बारावा नंबर शेजारच्याचा होता, तेरावा याचा. बारावा नंबर म्हणजे काय ते याला ठाऊक होतं. पाठ भरून आलेली असते, चहा निवलेला असतो, आणि वर कुणी बघत नाही. कान तेवढे जागे असतात.

शेजारचा आत गेला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. आतून हसण्याचा आवाज आला, एकाचा नव्हे, सगळ्यांचा. मग आणखी दहा मिनिटं. एवढा वेळ कुणाला ठेवून घेतात ते याला चांगलंच माहीत होतं. त्याच्या तळहातांना घाम आला आणि त्यानं तो पँटला पुसला नाही, कारण राखाडीवर डाग उठतो. दार उघडलं. तो माणूस बाहेर आला, चेहरा उजळलेला असावा. यानं शर्टच पाहिला, पाठीला थोडा चिकटलेला. “जा, जा,” तो हळूच म्हणाला. “मी थांबतो खाली. तुमचं ऐकूनच जाईन.” शिपायानं हाक दिली, “पुढचे!” आणि हा उठला.

आत टेबलापलीकडे तिघं होती. चष्म्याची एक बाई, टक्कल पडलेले एक गृहस्थ, आणि लॅपटॉपमध्ये तोंड घालून बसलेला एक तरुण. खिडकी उजव्या हाताला होती. खुर्ची उबदार होती, आत्ताच कुणीतरी उठून गेल्यासारखी, आणि तसंच तर होतं. त्यानं फाइलमधून फॉर्म काढायला हात घातला.

“अरे, परत आलात?” टक्कलवाले गृहस्थ चिठ्ठीवरून मान अर्धवट वर करून म्हणाले. “काही राहिलं का?”

त्याला आधी कळलंच नाही. मग कळलं. अंगावर थंड पाणी ओतल्यासारखं कळलं. तिघांच्या नजरा त्याच्या कॉलरपर्यंत येऊन थांबल्या होत्या. वर येत नव्हत्या.

“मी...” तो म्हणाला.

“अहो, फॉर्म आहे आमच्याकडे तुमचा. हा काय,” बाई हसून म्हणाली आणि तिनं कागदावर टिचकी मारली. नावाची जागा कोरी. “खरं सांगू? सकाळपासून बारा माणसं पाहिली. तुमच्यासारखं मोकळं कुणी बोललं नाही. आईचं सांगितलंत ना तुम्ही, ते मला फार आवडलं. सांगितलं तसं सोमवारी या. आमचं ठरलंय.”

तरुण मान वर न करता म्हणाला, “कन्ग्रॅट्स, सर.”

आता बोलायला हवं होतं. वाक्य सोपं होतं. मी पहिल्यांदाच आत येतोय, तो वेगळा माणूस. एवढंच. ते वाक्य त्याच्या तोंडात तयार होतं, त्याची चवसुद्धा कळत होती. आणि ते बोलून झाल्यावर काय होईल तेही दिसत होतं. तिघं खजील होऊन हसतील. त्याला बसवून चार प्रश्न विचारतील, मधल्या चौदा महिन्यांत काय केलंत विचारतील, तो “वाचन केलं” म्हणेल, आणि पाच मिनिटांत “कळवतो” म्हणून उठवतील. कारण जागा भरली होती. दार धरून उभ्या राहिलेल्या, गुडघ्यावर थोपटणाऱ्या त्या माणसानं भरली होती. खाली थांबला असेल तो आत्ता. बायको लॅबमध्ये पोचली असेल, सुई धरताना फोनकडे बघत असेल. आपण वाईट माणूस आहोत का? त्यानं खरोखर स्वतःला विचारलं आणि उत्तर ऐकायला थांबला. खोलीत एसीचा आवाज तेवढा होता. मग त्याच्या तोंडून ते वाक्य निघालं, सहज, त्या दुसऱ्या माणसाच्या मोकळ्या स्वरात.

“हो, म्हणजे... वेळ विचारायची राहिली. सोमवारी किती वाजता?”

“नऊला,” बाई म्हणाली. “खाली काउंटरवर हा फॉर्म ठेवलेला असेल. आलात की त्यावर नाव घाला, लगेच पत्र मिळेल. नाव तेव्हाच बघू आम्ही,” आणि ती पुन्हा हसली, त्या पद्धतीचा तिला अभिमान होता.

तो बाहेर आला. शिपाई हातातल्या यादीकडे बघत म्हणाला, “तेरावे कुठं गेले? आलेच नाहीत वाटतं.” आणि त्यानं यादीवर काट मारली. यानं ते ऐकलं आणि जिना उतरू लागला. पाय व्यवस्थित पडत होते. भीती वाटायला हवी होती ती वाटत नव्हती, आणि त्याचीच भीती वाटत होती.

काचेच्या दाराशी तो माणूस थांबला होता. “काय झालं? बोलवलं का?”

“बोलवलं.”

“सोमवारी?”

“सोमवारी. नऊला.”

“अरे वा!” त्यानं याचा हात दोन्ही हातांत धरला. “म्हणजे दोन जागा होत्या! मला वाटलंच. मला बोलले नाहीत ते, पण मला वाटलंच. आता सोबत झाली बघा आपली. आईला सांगतो, पहिल्याच दिवशी मित्र मिळाला म्हणून.” तो इतका जवळ होता की याला बघावंच लागलं. रुंद कपाळ. डाव्या भुवईत एक पांढरा केस. दाढी करताना हनुवटीखाली बारीकशी कापलेली जागा, आणि तिथं वाळलेल्या रक्ताचा ठिपका, तो पुसायला घरात कुणी नव्हतं. डोळे किंचित पिवळट, थकलेले, आणि आनंदानं भरलेले. सगळं एकदम दिसलं आणि एकदम आत जाऊन बसलं. “भेटू मग,” तो म्हणाला आणि वळून वळून हात हलवत रस्त्याला लागला.

हा तिथंच उभा राहिला. मग परत आत आला आणि काउंटरवरच्या माणसाला त्यानं विचारलं, “हे काउंटर उघडतं किती वाजता?”

“साडेआठला.”

फोन पहिल्या रिंगलाच उचलला गेला. “अहो, काय झालं?” बायकोचा आवाज अगदी हळू होता, कुणाचा तरी दंड हातात धरून बोलत असावी.

“झालं. सोमवारपासून.”

पलीकडे ती रडली. रडता रडता हसली, कुणाला तरी “तुम्हाला नाही हो, मला झालंय” असं म्हणाली, आणि पुन्हा रडली. चौदा महिन्यांत ती त्याच्यासमोर एकदाही रडली नव्हती. तो ते सगळं ऐकत राहिला. त्याच्याही डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते अगदी खरं होतं.

“किती वाजता निघावं लागेल हो सोमवारी? डबा करायला हवा.”

“सातला,” तो म्हणाला.

“एवढ्या लवकर?”

“हो,” तो म्हणाला. “मला सगळ्यांच्या आधी पोचायचंय.”